प्लगिनची साइट सुधारायचीय? मग डिझाइनला सगळ्यात शेवटी हात लावा

टेक्स्ट एडिटरची (कोड लिहायच्या प्रोग्रॅमची) प्लगिन्स, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, लोक एकमेकांसाठी टाकतात अशी एक साइट मी आणि अजून दोघं-तिघं फावल्या वेळात सांभाळतो. "साइट फार जुनाट दिसते, नवी करूया" असं दर सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणतंच. आम्ही एकदा ऐकलंही, महिनाभर खपून रंग बदलले, डार्क मोड आणला, कार्डांना गोल कोपरे दिले, सगळ्यांनी वा वा केलं आणि दुसऱ्याच दिवशी मेल आला की "ते कंस रंगवणारं प्लगिन कुठे गेलं हो, सापडतच नाहीये". गंमत म्हणजे ते आधीही सापडत नव्हतं, तोवर कोणी बोललं नव्हतं एवढंच.

साइटवर येणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. मला हवं ते इथे आहे का, माझ्या एडिटरवर ते आज चालेल का, आणि टाकलं तर मला गोत्यात तर आणणार नाही ना. ही उत्तरं मिळायला आत्ता किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, शक्यतो साइट कधी न पाहिलेल्या माणसाला शेजारी बसवून, आणि तो चुकीच्या ठिकाणी क्लिक करत असताना तोंड बंद ठेवून (हे सगळ्यात अवघड). पुढचं सगळं काम तो वेळ कमी करण्याचं आहे.

आधी सर्चचा लॉग वाचा

सुरुवात कोडपासून करू नका, वाचनापासून करा. लोकांनी सर्चमध्ये काय टाइप केलं आणि त्यातल्या कशाकशाला शून्य रिझल्ट आले ह्याची मागच्या महिन्याची यादी काढा. लॉग ठेवत नसाल तर आजपासून ठेवा, फक्त शब्द, वेळ आणि रिझल्टची संख्या, आयपी वगैरे काही नको, कोण शोधत होतं ह्याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही. आम्ही ही यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा खरं सांगतो, लाज वाटली. कोणीतरी आधी "रिकाम्या स्पेस काढणे" शोधलं होतं, मग "ओळीच्या शेवटी स्पेस", मग "व्हाइटस्पेस", मग नुसतं "ट्रेलिंग", सगळं दोन मिनिटांच्या आत, म्हणजे बहुतेक एकच माणूस असणार, आणि चारही वेळा शून्य, मग तो गेला. ते काम करणारी प्लगिन्स आमच्याकडे तीन होती! पण आमचा सर्च फक्त नावात बघायचा आणि तिघांच्याही नावात ह्यातला एकही शब्द नव्हता.

प्लगिन लिहिणाऱ्यांना नावात कविता करायची भारी हौस असते. विम ह्या एडिटरमधलं गिटसाठीचं (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) सगळ्यात नावाजलेलं प्लगिन म्हणजे फ्युजिटिव्ह, ईमॅक्समध्ये त्याच कामाला मॅजिट. मॅजिटला निदान गिटचा वास तरी येतो, फ्युजिटिव्हवरून नवख्याला काय डोंबल कळणार. त्यामुळे सर्चने नाव, एका ओळीची माहिती, टॅग आणि रीडमी (प्लगिनबरोबरची माहितीची फाइल) हे सगळं बघायला हवं, पण सगळ्याला सारखं वजन देऊ नका. आम्ही तीही चूक केली. रीडमीला नावाइतकंच वजन दिलं आणि भलतीच प्लगिन्स वर यायला लागली, कारण प्रत्येक जण आपल्या रीडमीत "हे अमुकपेक्षा हलकं आहे, तमुकपेक्षा फास्ट आहे" असं लिहितो, म्हणजे अमुक शोधलं की अमुकचे स्पर्धकच आधी दिसणार. नावाला सगळ्यात जास्त, मग माहितीची ओळ, मग टॅग, आणि रीडमीला अगदी चिमूटभर, हे आमच्याकडे चाललं.

स्पेलिंगच्या चुकांसाठी वेगळा सर्च सर्व्हर उभा करायची अजिबात गरज नाही, काही हजार प्लगिन्सची तर साइट आहे. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याच्याबरोबर ट्रायग्रामचं एक्स्टेन्शन मिळतं, एसक्यूलाइट असेल तर एफटीएस५ मध्ये ट्रायग्राम टोकनायझर आहे, दोन्ही शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतात. पोस्टग्रेस किती तुकडे जुळले ते मोजतो, त्यामुळे एखादं अक्षर इकडेतिकडे झालं तरी निभावतं, एसक्यूलाइटमध्ये मात्र त्यासाठी ते तुकडे "किंवा"ने जोडून शोधावे लागतात. समानार्थी शब्दांची यादी मात्र हाताने करा, ब्रॅकेट-कंस-पॅरेन्थिसिस, थीम-कलरस्कीम, ऑटोकम्प्लीट-कम्प्लीशन. एका संध्याकाळचं काम आहे आणि महिनाभर खपलेल्या डार्क मोडपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

प्लगिनचं पान

खरी मेहनत इथे घ्या, कारण माणूस निर्णय ह्या पानावर घेतो, होमपेजवर कोणी थांबत नाही.

पहिलं म्हणजे ती एका ओळीची माहिती. आमच्याकडे एका प्लगिनची अशी होती: "आधुनिक, हलकं, सुपरफास्ट आणि हवं तसं बदलता येणारं ब्रॅकेट सोल्युशन". हे वाचून काय कळलं? लेखकाला मेल टाकून दोन प्रश्न विचारले आणि ती ओळ अशी झाली: "कर्सर ज्या कंसावर आहे त्याची जोडी रंगवतं, जोडी स्क्रीनबाहेर असेल तर ती ओळ खाली स्टेटस लाइनमध्ये दाखवतं. दहा हजार ओळींच्या वरच्या फाइलमध्ये आपोआप बंद होतं." आता घ्यायचं की नाही हे वाचणारा तिथल्या तिथे ठरवू शकतो.

पण प्रत्येकाला मेल टाकत बसणं शक्य नाही, म्हणून आम्ही फॉर्म बदलला. आधी तिथे नुसतं "वर्णन" लिहिलेलं होतं, त्याजागी "हे टाकल्यावर माणसाला स्क्रीनवर काय वेगळं दिसेल?" असा प्रश्न टाकला. बाकी काही केलं नाही. लोक वाईट लिहितात असं नाही, आपण त्यांना वाईट प्रश्न विचारतो.

त्याच्या लगेच खाली, स्क्रोल न करता दिसेल असं, कोणत्या एडिटरच्या कोणत्या व्हर्जनवर चालतं, शेवटचं रिलीज कधी आलं, लायसन्स काय आणि कोण सांभाळतं एवढं हवं. एडिटरच्या बाबतीत मोघम राहू नका. "विम" असा एकच टॅग ठेवलात तर लोक तुम्हाला शिव्या घालतील, कारण निओविम २०१४ मध्ये विमपासून वेगळा झाला आणि आता दोघांच्या वाटा इतक्या लांब गेल्यात की निओविमच्या ल्युआ एपीआयवर लिहिलेलं प्लगिन विममध्ये चालत नाही आणि २०२२ मध्ये विम ९ बरोबर आलेल्या नव्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं निओविममध्ये चालत नाही. फक्त विम, फक्त निओविम, दोन्ही, असे तीन वेगळे खण ठेवा. ईमॅक्स, सबलाइम, व्हीएस कोड कुठल्याही एडिटरची साइट असली तरी किमान कोणतं व्हर्जन लागतं हे विचाराच, आणि उत्तर कम्पल्सरी ठेवा.

इन्स्टॉलची पद्धत हा अजून एक घोळ. विमच्या जुन्या प्लगिन्सच्या रीडमीत पॅथोजेनने असं करा, वंडलने तसं करा, विम-प्लगने असं, अशी प्लगिन बसवणाऱ्या मॅनेजरांची लांबच लांब रांग असते, आणि २०१६ मध्ये विम ८ आल्यापासून एडिटरच्या आतच पॅकेजची सोय आहे हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच नसतं. ही रांग लेखकांना लिहायला लावू नका. रिपॉझिटरीचा (कोड ठेवलेल्या जागेचा) पत्ता साइटकडे आहेच, त्यावरून प्रत्येक मॅनेजरची ओळ साइटनेच तयार करावी, वर एक ड्रॉपडाउन, शेजारी कॉपीचं बटण, आणि माणसाने एकदा आपला मॅनेजर निवडला की पुढच्या पानावर तोच लक्षात राहावा.

आणि एक गोष्ट जी कुठेच नसते: हे प्लगिन कोणत्या कीज बळकावतं. टाकल्यावर "माझं कंट्रोल-पी का बंद पडलं" म्हणून तासभर डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत. कीजची छोटी यादी द्या, आणि काढून टाकायचं कसं, मागे काय उरतं, तेही.

स्क्रीनशॉटबद्दल थोडक्यात. जिफ नको. जिफच्या एका फ्रेममध्ये २५६च रंग, आणि फाइल मात्र एवढी अगडबंब की मोबाइल डेटावरचा माणूस पान उघडेपर्यंत निघून जातो. अपलोड झालेली जिफ सर्व्हरवर व्हिडिओत बदलून टाका, साइज कित्येक पटीने खाली येते, आणि आपोआप प्ले करू नका.

चालू आहे की सोडून दिलंय

शेवटची कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) ५ वर्षांपूर्वीची म्हणजे प्लगिन मेलं असं लगेच ठरवू नका. ओळी उलट्या क्रमाने लावणारं वीस ओळींचं प्लगिन एकदा झालं की झालं, त्यात रोज काय बदलणार. उलट रोज कमिट पडणारं प्लगिन दर आठवड्याला काहीतरी मोडत असतं. म्हणून नुसत्या तारखेवरून लाल-हिरवा ठिपका देणं मला पटत नाही. लेखकालाच विचारा: काम चालू आहे, पूर्ण झालंय, सांभाळायला कोणीतरी हवंय, की बंद केलंय आणि त्याऐवजी अमुक वापरा. वर्षातून एकदा मेल टाकून परत विचारा, दोनदा उत्तर आलं नाही तर "लेखकाचा संपर्क नाही" असं सरळ लिहा.

लेखकाच्या शब्दाला जोड म्हणून मशीनची तपासणी लावा. ईमॅक्सला बॅच मोड आहे, निओविमला हेडलेस, म्हणजे स्क्रीनशिवाय एडिटर सुरू करून, प्लगिन लोड करून, एरर आली का एवढं रात्रीतून सगळ्या प्लगिन्ससाठी बघता येतं. दोन पथ्यं पाळा. हा अनोळखी लोकांचा कोड आहे, तो साइटच्याच सर्व्हरवर चालवलात तर उद्या साइट दुसऱ्याची झालेली असेल, त्यामुळे वेगळा कंटेनर (बाकीच्यापासून तोडलेली जागा), आतून नेटवर्क बंद, आणि वेळेची मर्यादा. आणि पानावर "चालतं" असं लिहू नका, "अमुक व्हर्जनवर अमुक तारखेला एरर न येता लोड झालं" असं लिहा, कारण तुम्ही तेवढंच तपासलंय.

स्टार, डाउनलोड आणि आकड्यांचे घोळ

डाउनलोडचा आकडा मोठा दिसतो पण त्यात ऑटो-अपडेट असतात, सीआयची (कोड आपोआप तपासणारी) मशीन्स असतात, एकच माणूस चार लॅपटॉपवर टाकतो तेही असतं. विम ऑसम ह्या साइटने वेगळा मार्ग काढला होता, लोकांनी गिटहबवर उघड्या ठेवलेल्या डॉटफाइल्समध्ये (सेटिंगच्या फाइल्समध्ये) कोणतं प्लगिन किती जणांनी लिहिलंय ते मोजलं. डॉटफाइल गिटहबवर टाकणारेच लोक मोजले जातात हे खरं, तरी कच्च्या डाउनलोडपेक्षा बरं.

रेटिंगची नुसती सरासरी तर लावूच नका. दोघांनी मत दिलं आणि दोघंही खूश, म्हणजे शंभर टक्के, आणि शंभरातले नव्वद खूश असलेलं प्लगिन त्याच्या खाली! ह्यावर औषध जुनं आहे, एडविन विल्सनने १९२७ मध्ये दिलेल्या सूत्राचा खालचा आकडा (खरा टक्का निदान एवढा तरी असेल असा अंदाज) घ्यायचा, ९५ टक्के खात्रीला तो दोनपैकी दोनसाठी साधारण ०.३४ येतो आणि शंभरपैकी नव्वदसाठी ०.८३, म्हणजे क्रम आपोआप ताळ्यावर येतो. कोड पाच ओळींचा आहे. शिवाय जुनी मतं हळूहळू हलकी करत न्या, नाहीतर दहा वर्षांपूर्वीचं प्लगिन त्या काळच्या पुण्याईवर कायम पहिल्या पानावर बसून राहतं आणि नव्याला कोणी विचारत नाही.

भरवसा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण करा. विम आणि ईमॅक्समध्ये प्लगिनला वेगळा पिंजरा नसतो, तुम्ही जे जे वाचू-लिहू शकता ते सगळं तेही करू शकतं, एसएसएचच्या किल्ल्यांसकट.

गडबड फक्त नव्या, संशयास्पद प्लगिनमधूनच होते असं नाही, जुन्या भरवशाच्या प्लगिनची मालकी बदलते तेव्हाही होते. २०१७ मध्ये अ‍ॅटम ह्या गिटहबच्या एडिटरच्या मिनिमॅप ह्या लोकप्रिय प्लगिनमध्ये एका स्टार्टअपच्या पानांकडे नेणाऱ्या लिंका दिसायला लागल्या, ते सांभाळणारा माणूस त्या कंपनीत कामाला लागला होता. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या कोठारातल्या) इव्हेंट-स्ट्रीममध्ये तर दमलेल्या लेखकाने मदत करतो म्हणणाऱ्याला किल्ल्या दिल्या आणि त्याने आत चोरी करणारा कोड घुसवला. ईमॅक्सच्या मेल्पा ह्या पॅकेजेसच्या साइटवर एके काळी ईमॅक्सविकीवरूनही पॅकेजेस यायची, आणि विकी कोणीही बदलू शकतो, पुढे त्यांनी ते बंद केलं.

तर करायचं काय. मालकी बदलली की प्लगिनच्या पानावर ठळक पट्टी, निदान तीन महिने, "अमुक तारखेपासून नवीन सांभाळणारा". नवीन मालकाचं पहिलं रिलीज माणसाने वाचल्याशिवाय सोडायचं नाही. प्लगिन टाकणाऱ्या प्रत्येकाला टू-फॅक्टर सक्तीचं. नवीन नाव एखाद्या लोकप्रिय नावापासून एका-दोन अक्षरांच्या अंतरावर असेल तर ते आपोआप अडवून माणसाकडे पाठवायचं (वर सर्चसाठी लावलेला ट्रायग्राम इथेही कामाला येतो). रीडमीतलं एचटीएमएल गाळून घ्या, नाहीतर कोणीतरी रीडमीतूनच स्क्रिप्ट चालवून तुमच्याच अ‍ॅडमिनचं सेशन पळवेल.

डिलीटचं बटण नीट विचार करून ठेवा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने रागाने एनपीएमवरून काढलं आणि जगभरातले बिल्ड कोसळले, त्यानंतर तिथे काढण्यावर बंधनं आली, आता ७२ तास उलटले की अटी कडक होतात. आम्ही तसंच काहीसं ठेवलंय, पहिले तीन दिवस स्वतः काढा, नंतर फक्त लपवता येतं, ज्यांनी आधीच टाकलंय त्यांना जुनं व्हर्जन मिळत राहतं. चुकून पासवर्ड किंवा की आत गेली असेल तर मेल करा, ते व्हर्जन लगेच काढतो.

टाकणाऱ्याचं डोकं उठवू नका

नवीन प्लगिन आलं की आमच्याकडे आधी मशीन बघतं, मग माणूस. लायसन्स आहे का, व्हर्जनचा टॅग आहे का, लोड होतं का, हे माणसाने बघायचं कामच नाही. पण मशीनने बोलावं माणसासारखं. आधी आमचा बॉट "व्हॅलिडेशन फेल, कोड ४" एवढंच म्हणायचा आणि लोक चिडून निघून जायचे, परत यायचेच नाहीत. आता म्हणतो: "लायसन्सची फाइल सापडली नाही. रिपॉझिटरीच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये लायसन्स नावाची फाइल टाका आणि परत पुश करा, इथे काहीच करायला नको, मी स्वतः परत तपासेन." त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं निघालं, लोक उगाच नवा फॉर्म भरत बसत होते ते थांबलं.

माणसाच्या रिव्ह्यूला तारीख द्या. दोन आठवडे म्हणालात तर दोन आठवड्यांत काहीतरी उत्तर जायलाच हवं, "अजून बघतोय" असलं तरी चालेल.

आणि डिझाइन, बॅकअप वगैरे

डिझाइनचं आता बघा हवं तर. मजकूर आणि पार्श्वभूमीत ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट, सगळं कीबोर्डने चालायला हवं (एडिटरवाली मंडळी माउसला हात लावत नाहीत), स्लॅश दाबलं की सर्चमध्ये कर्सर. जावास्क्रिप्ट बंद असलं तरी पान वाचता आलं पाहिजे. झालं.

बॅकअपचं मात्र आजच करा. अ‍ॅटम १५ डिसेंबर २०२२ ला बंद झाला, त्याचं पॅकेजेसचं दुकान गिटहब कंपनीच्या सर्व्हरवर होतं, आणि पुढे पल्सार नावाने तो एडिटर चालवणाऱ्या लोकांना पॅकेजेसची सगळी मागची बाजू स्वतः नव्याने उभी करावी लागली. तुमच्या साइटवरच्या सगळ्या प्लगिन्सची यादी, माहिती, व्हर्जन, चेकसम (फाइल बदलली नाही ना हे तपासायचा आकडा), हे रोज एका साध्या जेसन फाइलमध्ये काढून कोणालाही उतरवता येईल असं ठेवा. फाइल स्थिर असल्यामुळे कुठेही फुकट ठेवता येते, आणि मूळ साइट पडली तरी पॅकेज मॅनेजर त्या फाइलवरून चालू शकतात.

डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं एका जुन्या सहकाऱ्याच्या कार्डावर होतं, कार्ड एक्स्पायर झालं, रिन्यूअलचे मेल त्याच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहिले, आणि एका सकाळी साइटच्या जागी जाहिराती. ग्रेस पीरियड होता म्हणून परत मिळालं. आता डोमेन, सर्व्हर आणि मेल तिन्हीला दोन-दोन माणसं आहेत, आणि दर तीन महिन्यांनी त्यातला दुसरा माणूस, पहिल्याला काही न विचारता, बॅकअपवरून साइट आपल्या लॅपटॉपवर उभी करून बघतो. पहिल्या वेळी त्याला जमलं नाही, पासवर्डची फाइल बॅकअपमध्येच कुलूपबंद होती.